हिरवा दिसता ता सगळा रान न्हय : भारतीय वन सर्वेक्षणाला खुले पत्र

प्रति,
मा. महासंचालक,
भारतीय वन सर्वेक्षण, देहरादून

स. न. वि. वि.

आमच्या घरामागे वडिलांनी लावलेली काजूची बाग आहे. वेंगुर्ला-४ ची कलमे, आता चांगली डेरेदार झालेली. शेजारच्या दोघा भावकीतल्यांच्या बागा धरल्या तर सलग हेक्टरभर सहज भरते. आपल्या व्याख्येप्रमाणे ही बाग जंगल आहे. वडील हयात असते तर हे ऐकून पोटभर हसले असते, कारण बाग लावण्यासाठी त्यांनी जे तोडले ते जंगल होते.

तक्रार वडिलांची नाही आणि काजूचीही नाही. १९९० साली राज्याने रोजगार हमीला फळबाग लागवड जोडली आणि कोकणातल्या वरकस जमिनींवर कलमे उभी राहिली. मुंबईला जाऊन गिरणीत राबण्याऐवजी गावात राहून चार पैसे मिळायची सोय झाली. माझे शिक्षण त्याच पैशातून झाले. त्या शिक्षणावर मी उपग्रहांच्या प्रतिमांवरून नकाशे करायला शिकलो, आणि आता त्याच नकाशांवरून आपल्याशी भांडायला बसलो आहे. तेव्हा बागायतदाराला गुन्हेगार ठरवणारे हे पत्र नव्हे. बागेला बाग म्हणा आणि रानाला रान म्हणा, एवढेच माझे मागणे आहे. बाकीचे सगळे त्याचे स्पष्टीकरण समजा.

आपली व्याख्या आपल्याला पाठ आहे, वाचकांसाठी सांगतो. एक हेक्टर किंवा त्याहून मोठा भूभाग आणि त्यावर झाडांच्या पर्णछत्राची दाटी दहा टक्के किंवा अधिक असली की ते वनाच्छादन. जमीन कोणाची, सातबाऱ्यावर काय लिहिले आहे, झाड कुठले, हे काहीच पाहायचे नाही. आंबा, काजू, रबर, नारळ, बांबू, सगळे एका सुपात. दाटी सत्तर टक्क्यांच्या वर गेली तर अतिघन, चाळीस ते सत्तर मध्यम घन, दहा ते चाळीस विरळ. या मोजमापाने सिंधुदुर्ग जिल्ह्याचा निम्म्याहून अधिक भूभाग जंगलाखाली येतो. जिल्ह्यातले कोणतेही कार्यालय भाषणात हा आकडा अभिमानाने सांगते. आमच्या शेजारचे एक काका मात्र तो ऐकून म्हणाले, "हिरवा दिसता ता सगळा रान न्हय रे." पत्राचे शीर्षक त्यांच्याकडूनच घेतले आहे.

आपल्या संस्थेने केलेले काम मी नाकारत नाही. १९८१ साली आपली स्थापना झाली. १९८७ चा पहिला अहवाल निघाला तेव्हा लँडसॅट उपग्रहाच्या, ऐंशी मीटरचा एक ठिपका असलेल्या प्रतिमा डोळ्यांनी वाचून दहा लाखास एक या प्रमाणावर नकाशा करायचे, आणि चारशे हेक्टरपेक्षा लहान तुकडा त्यात उमटतच नसे. तिथून आपण २००१ पर्यंत साऱ्या देशाच्या संगणकीय वाचनावर आणि एक हेक्टरच्या तुकड्यावर आलात. एवढ्या मोठ्या देशाचे जंगल दर दोन वर्षांनी मोजणे ही चेष्टा नव्हे. पण चारशेवरून एकवर आल्यामुळे बारीक तुकडे दिसू लागले, तरी त्या तुकड्यांत काय आहे हा प्रश्न होता तिथेच राहिला. डोंगरात तर तो आणखी अवघड होतो.

आता डोंगराकडे वळतो.

सह्याद्रीचा कडा पश्चिमेकडे तोंड करून उभा आहे. आपण ज्याच्या प्रतिमा वापरता तो रिसोर्ससॅट उपग्रह आमच्यावरून सकाळी साडेदहाच्या सुमारास जातो. आपण शक्यतो ऑक्टोबर ते डिसेंबरच्या प्रतिमा वापरता, कारण ढग सरलेले असतात आणि पानगळीच्या झाडांवर पाने असतात. त्या दिवसांत साडेदहा वाजता सूर्य आग्नेयेला, फार वर न आलेला असतो. तेव्हा आमचे पश्चिमेकडचे आणि वायव्येकडचे उतार अर्धवट उजेडात किंवा सरळ सावलीत असतात. सावलीतला विरळ डोंगर काळसर दिसतो आणि दाट रानही काळसरच दिसते. माणसाच्या डोळ्यांना फरक कळत नाही, तर यंत्राला कुठून कळणार? ढग आणि सावली असलेल्या भागात जमिनीवरचा तपशील झाकला जातो, घाणेरीसारखी दाट झुडपे आणि ऊस-कापसासारखी पिके झाडांसारखी भासतात, हे आपण स्वतःच अहवालात मर्यादा म्हणून नोंदवता. हा प्रामाणिकपणा मला आवडतो. फक्त ती मर्यादा पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांत राहते आणि जिल्ह्याच्या तक्त्यात दोन दशांश स्थळांपर्यंतचा आकडा ऐटीत बसतो. कडेकपाऱ्यांच्या जिल्ह्यांसाठी उतारानुसार प्रकाशाची दुरुस्ती कोणत्या उंची-नकाशावरून आणि कशी केली, आणि तरीही किती क्षेत्र संशयास्पद राहिले, हे त्या त्या तक्त्याखाली एका ओळीत लिहिले तर बिघडेल का?

सावलीपेक्षा मोठी अडचण ऋतूची आहे, आणि ती सुटण्यासारखी आहे म्हणूनच तिच्यावर जरा थांबतो. दोडामार्ग तालुक्यात तिळारीच्या आसपास गेल्या काही वर्षांत रबर आले. डोंगर उतरंडीला पायऱ्या पाडून, ओळीने लावलेले. ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये रबराची बाग गच्च हिरवी असते. वरून पाहिले तर सदाहरित रानाशी तिचा चेहरा जुळतो. पण रबर हे पान गाळणारे झाड आहे. थंडीच्या शेवटाला, साधारण जानेवारी-फेब्रुवारीत ते उघडे पडते आणि थोड्याच दिवसांत तांबूस-पोपटी पालवी घेऊन पुन्हा भरते. शेजारचे सदाहरित रान या सगळ्यात जागचे हलत नाही. म्हणजे ज्या महिन्यांत दोन्ही एकसारखी दिसतात नेमके तेच महिने आपण निवडता, आणि ज्या महिन्यात लहान पोरसुद्धा वेगळी ओळखेल तो महिना सोडून देता. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांच्या दहा मीटरच्या प्रतिमा २०१५ पासून फुकट मिळतात, आता तर पाच-पाच दिवसांनी. मी घरच्या जुन्या लॅपटॉपवर डिसेंबर आणि फेब्रुवारीची प्रतिमा एकावर एक ठेवतो तेव्हा रबराचे डाग अंगावर पुरळ उठावे तसे वर येतात. काजू बाराही महिने हिरवा असल्यामुळे असा सहज सापडत नाही, हे मान्य. पण तुमच्याकडे रिसोर्ससॅटवरच्याच लिस-४ कॅमेऱ्याच्या ५.८ मीटरच्या प्रतिमा आहेत, रडार आहे, आणि जुलै २०२५ मध्ये झेपावलेला निसार हा रडार उपग्रह तर पर्णछत्रातून आत शिरणाऱ्या लहरी घेऊन फिरतो आहे. साधनांची वानवा असण्याचे दिवस गेले.

हे शासनाला जमत नाही असेही कोणी म्हणू शकत नाही, कारण शासनाने ते एकदा केलेले आहे. पश्चिम घाटासाठी नेमलेल्या कस्तुरीरंगन गटाने २०१३ साली उपग्रह प्रतिमांवरूनच नैसर्गिक भूदृश्य आणि माणसाने घडवलेले भूदृश्य वेगळे काढले. लागवडी, शेती, वस्त्या मिळून घाटाचा सुमारे साठ टक्के भाग त्यांनी दुसऱ्या खात्यात टाकला. मग उरलेल्यातून घाटाचा सुमारे ३७ टक्के भाग पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील म्हणून आखताना जैवविविधतेची समृद्धी आणि लोकवस्तीची घनता यांच्या जोडीला जंगल किती कमी तुटलेले आहे हाही निकष लावला. त्या रेषेवर माझे आक्षेप आहेत, आमच्या गावात तर तिच्यावरून भांडणे झाली. पण रेषा आखायला जंगलाची तुटफूट मोजता येत असेल, तर ती रेषा खरी ठरली की खोटी हे तपासायला दर दोन वर्षांनी का मोजता येऊ नये? संवेदनशील क्षेत्राची पहिली मसुदा अधिसूचना मार्च २०१४ ची. जुलै २०२४ मध्ये पुन्हा मसुदाच निघाला, त्यात महाराष्ट्राचे १७,३४० चौ.किमी. मसुदे निघत राहतात आणि मधल्या काळात डोंगरावर यंत्रे चढत राहतात.

आपल्या २०२३ च्या अहवालात याच पश्चिम घाट संवेदनशील क्षेत्राचा दहा वर्षांचा हिशेब आहे. मी तो तीनदा वाचला. एकूण वनाच्छादन ५८.२२ चौ.किमीने घटले. ठीक. पण पोटात काय आहे पाहा : मध्यम घन जंगल १,०४३.२३ ने कमी, विरळ २,४८०.११ ने कमी, आणि अतिघन जंगल ३,४६५.१२ चौ.किमीने जास्त. अख्ख्या गोव्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौ.किमी. म्हणजे दहा वर्षांत आमच्या डोंगरांत जवळजवळ एका गोव्याएवढे अतिघन जंगल नव्याने उभे राहिले! हे खरे असेल तर ढोल-ताशे लावून मिरवण्यासारखी गोष्ट आहे. काही भाग खरेच दाटला असेल; चराई कमी झाली, जळाऊ लाकडाची जागा गॅसने घेतली, सोडलेल्या शेतांत झाडे वाढली, हे मीही पाहिले आहे. पण त्यात वाढत्या वयाचे रबर किती, सावलीतले उतार किती आणि प्रतिमांच्या फरकामुळे वर्ग बदललेले किती? एवढा मोठा आकडा स्पष्टीकरणाशिवाय पुढे सरकवला की वाचणारा दोनपैकी एक करतो. एक तर डोळे मिटून विश्वास ठेवतो, नाही तर सगळ्याच अहवालावरचा विश्वास सोडतो. दोन्ही वाईट.

आता तुकड्यांकडे येतो, कारण खरे दुखणे तिथे आहे.

एक किलोमीटर लांब, एक किलोमीटर रुंद असा रानाचा चौकोन घ्या. शंभर हेक्टर. रानाच्या कडेला ऊन, वारा, कोरडेपणा आत शिरतो. कडेने रानमोडी आणि घाणेरी माजते, फेब्रुवारीनंतर वणवा तिथूनच आत घुसतो. हा परिणाम शंभर मीटर आत पोचतो असे धरू. मग खरा गाभा उरतो ८०० गुणिले ८०० मीटर, म्हणजे ६४ हेक्टर. आता मधोमध दहा मीटर रुंदीचा एक रस्ता काढा. झाडे गेली ती एक हेक्टरावरची. शंभरातले एक. पण आता दोन तुकडे झाले, प्रत्येकाला चारी बाजूंनी कड आली आणि दोघांचा मिळून गाभा उरला ४७ हेक्टर. आडवा आणखी एक रस्ता काढा. एकूण तोड दोन हेक्टरांच्या आतच, पण गाभा ३५ वर आला. तोड दोन टक्के, गाभ्याचे नुकसान जवळपास पंचेचाळीस टक्के. हे कागदावर कोणीही करून पाहावे, शाळेतल्या क्षेत्रफळाच्या गणितापलीकडे यात काही नाही.

आणि आपल्या तक्त्यात काय दिसेल? शून्य. आपण मोजणीला वापरता त्या लिस-३ कॅमेऱ्याचा एक ठिपका साडेतेवीस मीटरचा. दहा मीटरचा रस्ता त्यात विरघळून जातो. जंगलाच्या आतली हेक्टराहून लहान मोकळी जागाही जंगलातच धरली जाते. आमच्या कोकणात तर तोड हेक्टराने होतच नाही. ती गुंठ्यांनी होते. भावाभावांत वाटणी झालेली मालकीची राने, कोणाच्या वाट्याला साठ गुंठे, कोणाच्या ऐंशी. एक हेक्टर म्हणजे जवळजवळ नव्व्याण्णव गुंठे. लाकडाचा व्यापारी येतो, एकाचे साठ गुंठे साफ करतो, पुढच्या वर्षी पलीकडच्याचे. वूडकटरचा आवाज दोन दिवस येतो आणि थांबतो. डोंगर चाळणीसारखा होतो, पण भोके आपल्या गाळणीपेक्षा लहान असतात.

२०१३ साली मुंबई उच्च न्यायालयाने सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात झाडे तोडायला मनाई केली. हा पट्टा कर्नाटक आणि गोव्याच्या रानांना राधानगरीकडे आणि पुढे सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाकडे जोडतो. २०२० मध्ये तिळारीचे २९.५३ चौ.किमी संवर्धन राखीव झाले. मनाई पाळली गेली की नाही हे सांगणारे निःपक्षपाती साधन कोणते असायला हवे होते? आपलाच अहवाल. पण जिल्ह्याच्या ओळीत अतिघन, मध्यम, विरळ, एकूण, टक्केवारी, मागच्या वेळेपेक्षा फरक, झुडपी, एवढे रकाने आहेत. सर्वांत मोठा सलग तुकडा केवढा, गाभा किती, एक तुकडा दुसऱ्यापासून किती लांब, यातले काहीच नाही. हत्ती २००२ पासून कर्नाटकातून आमच्याकडे येत आहेत, आणि ते केळीत-माडांत शिरतात म्हणून आम्ही बोंबलतो. त्यांच्या वाटेवरचे रान कुठे सलग आहे आणि कुठे तुटले आहे याचा अधिकृत नकाशा ना शेतकऱ्याकडे, ना वनरक्षकाकडे. २०१५ साली जगभरच्या अभ्यासकांनी मिळून दाखवून दिले की पृथ्वीवरच्या उरलेल्या जंगलापैकी सत्तर टक्के जंगल कडेपासून एका किलोमीटरच्या आत आहे. सिंधुदुर्गात हे प्रमाण किती? प्रश्न सोपा आहे. आपल्याकडे नकाशा आहे, संगणक आहे, अर्ध्या दिवसाचे काम आहे.

एक उदाहरण देतो, कारण ते मला झोपू देत नाही. दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे इथे कान्हळाची राई आहे. रानजायफळाच्या कुळातली झाडे, गोड्या पाण्याच्या दलदलीत उभी, श्वास घ्यायला चिखलातून गुडघ्यासारखी मुळे वर काढलेली. अशी दलदल पश्चिम घाटात फार थोड्या ठिकाणी उरली आहे. देवाची म्हणून लोकांनी राखली. राज्याने तिला जैवविविधता वारसा स्थळ केले. क्षेत्र २.५९ हेक्टर. साडेतेवीस मीटरच्या ठिपक्यांत मोजले तर साधारण सत्तेचाळीस ठिपके. आपल्या तक्त्यात हे सत्तेचाळीस ठिपके आणि पलीकडच्या डोंगरावरचे रबराचे सत्तेचाळीस ठिपके यांत काडीचा फरक नाही. उद्या राई वाळली आणि दुसरीकडे तेवढेच रबर लागले तर बदलाच्या रकान्यात शून्य येईल.

याचा धोरणावर परिणाम होतो. १९८८ च्या राष्ट्रीय वन धोरणाने डोंगराळ प्रदेशात दोन तृतीयांश भूभाग जंगलाखाली असावा असे म्हटले, आणि कारणही दिले होते : धूप थांबावी, जमीन खालावू नये, नाजूक परिसंस्था टिकावी. आपल्या अहवालात डोंगरी जिल्ह्यांचा वेगळा हिशेब असतो तो याच उद्दिष्टाशी ताडून पाहायला. पण काजू आणि रबराने दोन तृतीयांश भरले तर उद्दिष्ट पूर्ण झाले म्हणायचे का? कोवळ्या लागवडीच्या पायऱ्या पाडलेल्या उतारावरून जुलैत कसे लाल पाणी व्हाळात उतरते ते मी दर पावसाळ्यात पाहतो. रानातल्या व्हाळाला तेव्हा चहाच्या अर्कासारखा, पण नितळ रंग असतो. एवढा फरक वाडीतल्या कोणत्याही बाईला घागर भरताना कळतो.

उलटी बाजूही आहे, ती लपवत नाही. सडा. आमचे जांभ्याचे उघडे कातळ आपल्या वर्गवारीत जंगल नाहीत, आणि नसावेतच. पण जंगल नाही म्हणजे पडीक, असा अर्थ खालचे अधिकारी काढतात आणि "वनाच्छादन वाढवा" म्हणून त्यावर खड्डे मारून झाडे लावायला निघतात. पावसाळ्यात त्या सड्यावर जी फुले आणि बेडके असतात ती झाडाच्या सावलीत जगणारी नाहीत. मोजणी चुकली की तोडही चुकते आणि लागवडही.

मला सगळ्या देशाचा अहवाल एका फटक्यात बदलून नको आहे. पुढच्या फेरीत एका जिल्ह्याचा तक्ता वेगळा करून पाहा, आणि तो सिंधुदुर्गाचा असू द्या, कारण इथे मालकीची राने, बागा, रबर, कडे, सडे सगळे एकाच ५,२०७ चौ.किमीत सापडते. नैसर्गिक रान आणि लागवड असे दोन रकाने. तुकड्यांचा आकार आणि गाभा असे आणखी दोन. ऑक्टोबरबरोबर फेब्रुवारीची प्रतिमा. आणि मूळ नकाशा कोणालाही डाउनलोड करता येईल असा खुला, म्हणजे चूक असली तर गावातले पोरगेही दाखवून देईल की साहेब, हा तुमचा अतिघन ठिपका म्हणजे आमच्या आत्याची काजूची बाग आहे. असे दाखवून देणारे इथे बरेच आहेत. एकेक तुकडा चालून जागेवरची नोंद करून द्यायला आम्ही विनामोबदला तयार आहोत, चहा आमच्याकडे.

आकडा खाली येईल याची भीती आपल्याला असेल, किंवा आपल्या वरच्यांना असेल. रकाने वेगळे केले की निम्म्याहून अधिक जंगलाचा जिल्हा एका रात्रीत बराच उघडा दिसेल, वर्तमानपत्रांत मथळे येतील, विधानसभेत प्रश्न विचारला जाईल. त्यावर माझ्याकडे गोड उत्तर नाही. पहिल्या वर्षी त्रास होईल. पण तो एकदाच होईल, आणि त्यानंतर जी घट दिसेल ती खरी घट असेल.

पाहणीला कोणाला पाठवणार असाल तर फेब्रुवारीच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाठवा. सावंतवाडीहून दोडामार्गची एसटी मिळते. तिळारीच्या बाजूला उतरून कोणत्याही उंच ठिकाणी उभे राहिले की समोरचा डोंगर दोन रंगांत वाटलेला दिसतो : एका बाजूला काळपट हिरवे रान, दुसऱ्या बाजूला निष्पर्ण काठ्यांच्या सरळ ओळी. नकाशा बरोबर आणा. त्या दिवशी दोन्ही बाजूंना त्यात एकच रंग असेल.

आपला,
दोडामार्ग तालुक्यातला एक नकाशे करणारा (आणि काजू बागायतदार)

ता. क. : आमची बाग जंगलातून वगळली तर माझी हरकत नाही. तसे लेखी हवे असल्यास सातबाऱ्याच्या उताऱ्यासह पाठवून देतो.